शितलची साक्ष

"उद्याचा एक दिवस मला सोड," शितल म्हणाली.

जिवनबाईनं मान वर केली नाही. तिच्या हातात हळदीचा मातीनं भरलेला गड्डा होता. तिनं तो तळहातावर आपटला, माती झाडली आणि बोटांनी हळकुंडं मोडून टोपल्यात टाकली. मधला गड्डा वेगळ्या ढिगावर फेकला.

"उद्या कसं सोडू? आठ बायांचं गुत्तं घेतलंय. सात दिसल्या की मालक तोंडाला येईल तसं बोलतो."

"कोर्टाची तारीख हाय."

"मागल्या महिन्यात बी तारीखच व्हती. तुझ्या तारखा सरंनात आन माझी हळद सरंना."

"ती नुसती तारीख व्हती. उद्या माझी साक्ष हाय. त्यांचा वकील मला इचारणार."

जिवनबाई तांड्यावरची होती. पुसेगावच्या शिवारात हळद काढायची असली की मालक आधी तिच्याकडं माणूस पाठवत. तिचा आवाज बांधापलीकडं जाई. कामात कुणी मागं राहिलेलं तिला खपत नसे. तिनं पहिल्यांदा शितलकडं नीट पाहिलं.

"जा मग. पर परवा दोघींचं काम करावं लागंल."

"करीन."

"करशीलच. तुझ्यावानी मोडणारी माझ्या टोळीत दुसरी न्हाई."

शितल खाली मान घालून मोडू लागली. ते वाक्य ऐकून तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला होता, तो तिला कुणाला दाखवायचा नव्हता.

लुगड्याच्या आत तिनं जुन्या धोतराची पट्टी कमरेला आवळून बांधली होती. उकिडवं बसलं की माकडहाडापासून कळ निघे आणि डाव्या पायातून थेट टाचेपर्यंत जाई. म्हणून ती उजव्या मांडीवर भार देऊन जरा तिरकी बसे. भरलं टोपलं उचलायची वेळ आली की ती शेजारणीच्या एखाद्या बोलण्यावर मोठ्यानं हसे. कण्हणं त्या हसण्यात जाई. गेल्या साली टोळीतल्या एका बाईनं कंबर धरली जाते म्हणून सांगितलं, तर दुसऱ्या दिवसापासून तिला पाणी वाहायला लावलं आणि मजुरी अर्धी केली. शितलनं ते पाहिलं होतं. तिनं कधी कुणाला काही सांगितलं नाही.

तीन वर्षांपूर्वी तिची गर्भपिशवी काढली. बाराव्या दिवशी नवऱ्यानं, सोमेश्वरनं, तिला मोटारसायकलवर बसवून शिरड शहापूरहून इथं भावाच्या दारात आणून सोडलं. सोबत पोरगी होती आणि एक पिशवी. "टाके सुकले की घ्यायला येतो," म्हणाला. चहासुद्धा न पिता गेला. टाके सुकले. दिवाळी गेली, संक्रांत गेली. सासरचं माणूस घ्यायला आल्याशिवाय सून आपणहून परत गेली, तर ती लाचार होऊन आली म्हणतात, आणि पुढं जन्मभर तिला त्याच भावानं वागवतात. म्हणून तिच्या आईनं मरेपर्यंत तिला पाय उचलू दिला नाही. दोन वर्षं सरली तरी कुणी आलं नाही, कोर्टाची नोटीस आली. बायको कामाला कंटाळून घर सोडून गेली, मला काडीमोड हवा, असं तिच्यात लिहिलं होतं.

*

संध्याकाळी शितल घरी आली तेव्हा प्रतिक्षा ओसरीवर पोत्यावर बसून जीवशास्त्राची वही वाचत होती. बारावीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. तिनं आईच्या पिवळ्याधमक हातांकडं पाहिलं आणि उठून घागर कलती केली.

घर विजयकुमारचं. तो शितलचा धाकटा भाऊ. दोन खोल्या, वर पत्रा, त्याची बायको निलम, दोन लेकरं, आणि तीन वर्षांपासून या दोघी. निलम वाईट नव्हती. भाकरी वाढताना ती कधी हात आखडत नसे, पण परातीकडं एकदा बघे. तेवढंच शितलला पुरे होई.

"वन्सं," भाकरी ताटात टाकत निलम म्हणाली, "उद्या नीट बोला बाई कोर्टात. इथं बोलता तसं तोंडातल्या तोंडात नका बोलू."

"मॅडम सांगतील तसं बोलीन."

विजयकुमारनं हात धुतले, पंच्याला पुसले. तो बोलायच्या आधी घसा खाकरत असे.

"अक्का, एक गोष्ट आजच सांगून ठेवतो. कोर्टानं तुला आन पोरीला महिन्याचं काही बांधून दिलं, तर हिला नर्सिंगला घाल. नांदेडला ठेव. मी न्हाई म्हणणार न्हाई, सही लागली तर सही करीन."

"आन न्हाई दिलं तर?"

"सेनगावचं स्थळ हाय. त्ये लोक थांबून राहिलेत. मग मला इचारायचं न्हाई."

ओसरीवर वहीचं पान उलटायचा आवाज यायचा थांबला.

"एक एकर जमीन बी मागितलीय मॅडमनं," शितल म्हणाली.

"जमीन!" निलम हसली. "तुमचे सासरे किसनराव वाळलं हळकुंड तरी सोडतील का हातचं?"

"हसून नको राहू गं," विजयकुमार म्हणाला. पण तोही जरासा हसलाच.

*

हिंगोलीच्या कोर्टाच्या आवारात लिंबाखाली प्रियदर्शनी मॅडम थांबल्या होत्या. त्या सरकारनं फुकट दिलेल्या वकील होत्या. वय लहान होतं, काळा कोट खांद्यावर मोठा होत होता. त्यांनी शितलला सिमेंटच्या बाकावर बसवलं आणि लेकराला शिकवावं तसं एकेक सांगितलं.

"खोटं एक अक्षर बोलायचं नाही. खरं तेच सांगायचं, पण पूर्ण सांगायचं. ऑपरेशन कशाचं झालं ते सांगायचं. कंबर भरते, पायात कळ जाते, चार दिवस कामाला गेलं की दोन दिवस पडून राहावं लागतं, हे सांगायचं."

"टोळीत जाते त्ये?"

"विचारलं तर जाते म्हणा. पण कशी जाते तेही सांगा. कागदावर ऑपरेशन दिसतं, शितलबाई. दुखणं दिसत नाही. साहेबांना ते तुमच्या तोंडून कळलं पाहिजे."

"आन जमिनीचं?"

मॅडमनी फाईल चाळली. "ते मागून बघितलंय. पण आपल्याकडं काडीमोड झाला म्हणून नवऱ्याच्या मालमत्तेची अर्धी वाटणी होत नाही. आणि जमीन तर त्याच्याही नावावर नाही. सासऱ्यानं स्वतः विकत घेतलेली आहे. सोमेश्वरनं शपथेवर लिहून दिलंय, माझ्या नावावर काही नाही, मी वडिलांच्या शेतात राबतो."

"इहीर खंदताना मी गाळ उपसलाय, मॅडम. सातवा महिना व्हता मला."

"त्याची नोंद सातबाऱ्यावर होत नाही, बाई. म्हणून म्हणते, पोटगीवर भर द्या. ती तुमच्या आजच्या उत्तरांवर आहे."

शितलनं मान हलवली. मनाशी दोनदा म्हणून पाहिलं. कंबर भरते. पायात कळ जाते. सोपं होतं.

आत गेली आणि तिचे पाय थबकले. पहिल्या बाकावर किसनराव बसले होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये. आजवरच्या एकाही तारखेला ते आले नव्हते. त्यांच्या वकिलानं आज त्यांना मुद्दाम पुढं बसवलं होतं. शेजारी सोमेश्वर मोबाईलकडं बघत होता.

पंधरा वर्षं ती त्या घरात राहिली. किसनरावांना ती मामा म्हणे, पण त्यांच्यासमोर उभी राहून कधी बोलली नव्हती. जे सांगायचं ते दाराआडून, नाहीतर लेकरांकडून. तिनं पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला आणि पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली.

"बाई, पदर जरा मागं घ्या," कोर्टाचा कारकून म्हणाला. "आवाज येत नाही."

तिनं बोटभर मागं घेतला.

सोमेश्वरचा वकील उठला. जाडसर, हसऱ्या तोंडाचा माणूस. त्याचा आवाज शाळेतल्या मास्तरासारखा मऊ होता.

"शितलबाई, नवऱ्यानं तुम्हाला घरातून हाकललं का?"

"न्हाई. भावाकडं आणून सोडलं."

"कशासाठी?"

"आराम कराया."

"कशाचा आराम?"

तिचे ओठ हलले. मामा तिच्याकडंच बघत होते. त्या घरात महिन्याची अडचणसुद्धा कुणी बोलून दाखवत नसे. सून कोपऱ्यात बसली की सगळे समजून घेत.

"तब्येत बरी नव्हती."

"काय झालं होतं तब्येतीला?"

मॅडम उठल्या. "साहेब, ऑपरेशनचे कागद दाखल आहेत."

"कागद आहेत," न्यायाधीश शांतपणे म्हणाले. "साक्षीदाराला सांगू द्या."

शितलनं पिंजऱ्याच्या लाकडाकडं पाहिलं. तो शब्द डॉक्टर बोलले होते, नर्स बोलली होती, निलम तर शेजारणींना सांगत सुटली होती. तिच्या तोंडातून मात्र तो बाहेर येईना.

"पोटात दुखत व्हतं," ती म्हणाली.

कारकुनाची बोटं चालली. पोटात दुखत होते, एवढंच लिहिलं गेलं.

"बरं. पोटदुखी थांबल्यावर तुम्ही सासरी का गेला नाहीत? कुणी अडवलं?"

"न्हाई."

"तिकडं दाराला कुलूप होतं?"

"न्हाई."

"मग?"

"घ्यायला कुणी आलं न्हाई."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

"शिरड शहापूर काय परदेशात आहे? बस जाते ना?"

"जाती."

"तिकिटापुरते पैसे होते?"

"व्हते."

"म्हणजे जाता येत होतं आणि तुम्ही गेला नाहीत."

"आमच्यात आसं आपणहून जात न्हाईत, साहेब."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज कठोर नव्हता. "बाई, आधी एवढंच सांगा. जाता येत होतं का?"

"व्हय."

तेही लिहिलं गेलं. वकील एक पाऊल पुढं आला आणि किसनरावांच्या बाकाजवळ उभा राहिला.

"आता खरं कारण मी सांगतो. तुम्हाला कामाचा कंटाळा. लग्नापासून तुम्ही कामचुकार. म्हाताऱ्या सासूला पाणी भरावं लागायचं. हळदीचे दिवस आले की तुम्ही आजाराचं सोंग घेऊन पडून राहायच्या. हे तुमचे सासरे बसलेत. पंधरा वर्षं त्यांनी हेच बघितलं. खरं की खोटं?"

खोटं, एवढा एक शब्द पुरला असता. मॅडमनी दुखण्याचं सांगायला बजावलंही होतं. पण शितलच्या कानात 'कामचुकार' तेवढंच राहिलं. तिनं पदर स्वतःच मागं सारला आणि आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"मी कामचुकार? मामाला इचारा. हे बसलेत म्होरं, त्यांच्या तोंडावर इचारा. इहिरीचा गाळ कुणी उपसला? पोरगी झाडाला झोळीत टांगून अडीच एकर हळद कुणी काढली? टोळी लावली न्हाई त्या साली. मी आन सासूबाईनं काढली. शिजवताना कढईजवळ बाप्ये उभे राहात नव्हते, मी राहात व्हते."

"ते जुनं झालं. आता तुमच्याच्यानं काम होत नाही."

"काहून होत न्हाई? आज बी व्हतंय."

मॅडम खोकल्या. शितलला ते ऐकू आलं नाही.

"काय काम करता आज?" वकिलानं हळूच विचारलं.

"हळदीच्या टोळीत जाते. दोन बायांचं काम येकटी करते. पुसेगावात कुणालाबी इचारा."

"ओझं उचलता?"

"भरलं टोपलं उचलते. पोत्याला बी हात देते गाडीवर टाकताना."

"आणि काही तकलीफ होत नाही?"

शितलला उभं राहून अर्धा तास झाला होता. डाव्या पायातून कळ टाचेपर्यंत जात होती आणि परत वर चढत होती. तिनं पिंजऱ्याची कड दोन्ही हातांनी धरली होती. किसनराव काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते.

"न्हाई," शितल म्हणाली. "कायबी तकलीफ न्हाई."

"एवढंच, साहेब," वकील म्हणाला आणि बसला.

मॅडमनी परवानगी मागून आणखी एक प्रश्न विचारला. "ऑपरेशननंतर आता तुमची तब्येत कशी आहे?"

शितलनं पुन्हा त्या पहिल्या बाकाकडं पाहिलं. "बरी हाय," ती म्हणाली.

बाहेर लिंबाखाली मॅडमनी कागद पिशवीत भरले. मग म्हणाल्या, "असं का केलंत?"

"त्यो मला कामचुकार म्हणला."

"म्हणू द्यायचं होतं."

"मामाच्या म्होरं?"

मॅडमनी डबा उघडला आणि अर्धी पोळी शितलच्या हातावर ठेवली. शितलनं ती खाल्ली. भूक लागली होती.

*

दुसऱ्या दिवशी तिनं खरोखरच दोघींचं काम केलं, आणि त्यानंतर तीन दिवस ती उठली नाही. ताप आहे असं तिनं निलमला सांगायला लावलं.

कोर्टाचा निकाल एप्रिलच्या मध्यावर लागला. प्रतिक्षाची परीक्षा होऊन गेली होती. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. मॅडमनी त्याच बाकावर कागद उघडला. या वेळी विजयकुमारही सोबत आला होता.

"काडीमोड दिलाय," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही सबळ कारण नसताना दोन वर्षांहून जास्त वेगळ्या राहिलात, असं म्हटलंय."

शितलनं मान हलवली. ते तिला अपेक्षित होतं.

"जमिनीत वाटा नाही. ते मी आधीच बोलले होते."

"आन पोटगी?" विजयकुमारनं विचारलं.

मॅडमनी पान उलटलं आणि बोट ठेवून सावकाश वाचलं. "अर्जदार ही सुदृढ असून तिने स्वतःच आपल्या साक्षीत शारीरिक त्रास नसल्याचे व नियमित मजुरी करीत असल्याचे सांगितले आहे. ती स्वतःचा निर्वाह करण्यास समर्थ आहे." त्यांनी कागद खाली घेतला. "तुम्हाला काही नाही. पोरीला महिन्याला काही रक्कम बांधून दिलीय. पण ती सज्ञान होईपर्यंत."

"म्हणजे?"

"अठरा पूर्ण होईपर्यंत. कधी होतात?"

"आखाडात."

"तीन महिने," विजयकुमार म्हणाला. तो हसलाही नाही, चिडलाही नाही. बाजारात भाव ऐकावा तसं त्यानं ऐकलं.

"अविवाहित मुलीला बापाकडून पुढंही मागता येतं. पण त्याची केस वेगळी करावी लागेल. आणि तुमच्यासाठी वरच्या कोर्टात जाता येईल. मी कागद करून देते."

"किती दिवस लागतेन?" शितलनं विचारलं.

मॅडमना खोटं बोलता येत नव्हतं. "दोन वर्षं. कदाचित जास्त."

"नर्सिंगचे फारम जूनात निघतेत," शितल म्हणाली.

"हो," मॅडम म्हणाल्या. मग शेवटच्या पानावर बोट नेलं. "लग्नात दोघांना मिळालेलं सामान तुम्हाला परत द्यायचंय. लोखंडी कपाट, पलंग आणि पितळेची भांडी."

*

सामान आणायला विजयकुमारनं मित्राचा टेम्पो घेतला. ते शिरड शहापूरच्या शेतावर पोचले तेव्हा वाळलेली हळद पॉलिश करायचं काम चालू होतं. ट्रॅक्टरवर फिरणाऱ्या ड्रममधून हळकुंडं खडखडत होती आणि पिवळी धूळ झाडांवर, बैलांवर, माणसांच्या भुवयांवर बसली होती. सोमेश्वर ड्रमजवळ तोंडाला फडकं बांधून उभा होता. त्यानं टेम्पो पाहिला आणि ड्रमचं झाकण नीट लावण्यात गुंतला. शेवटपर्यंत त्यानं मान वळवली नाही.

सामान आधीच अंगणात काढून ठेवलं होतं. कपाटाचा एक पाय गंजून गेला होता, त्याखाली वीट होती. वीट काढल्यावर कपाट हललं. पितळेच्या भांड्यांत एक घागर कमी होती. विजयकुमार ते बोलणार होता. शितलनं त्याच्या दंडाला हात लावला.

किसनराव बाजेवरून उठून आले. त्यांनी काठीनं एक हळकुंड पायाजवळ ओढलं आणि त्याच्याकडं बघत बोलले.

"कोर्टात बरं बोललीस तू, पोरी. घराची आब्रू राखलीस."

शितल पदर धरून उभी होती.

"तुला कामचुकार म्हणलं त्ये मला पटलं नव्हतं. म्या वकिलाला म्हणलं बी. त्यो म्हणला, आसंच इचारावं लागतं."

"तुमी उठून सांगायचं व्हतं मग, मामा."

"कोर्टात मधी बोलता येत न्हाई," किसनराव म्हणाले.

त्यांना ते खरंच तसं वाटत होतं. ते आणखी थोडा वेळ उभे राहिले. मग जाताना म्हणाले, "यंदा मोडणीला चार बाया लावल्या. ढीग बघ कसा केलाय. समदे गड्डे हळकुंडात मिसळलेत. तुझ्यावानी कुणाच्यानं होत न्हाई."

टेम्पोवर कपाट आडवं बांधलं. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला त्याचं दार उघडे आणि आपटे. शितल मागं बसून एका हातानं ते दाबून धरत होती. पुसेगावला कपाट दारातून आत जाईना. ते शेळ्यांच्या छपरात उभं केलं.

*

मे महिन्यात बारावीचा निकाल लागला. प्रतिक्षाला पंचाहत्तर टक्के पडले. शाळेतल्या सरांनी पेढा दिला, तो तिनं आणून आईच्या हातावर ठेवला. त्याच आठवड्यात सेनगावचे लोक यायचं ठरलं.

आदल्या दिवशी शितल सरपण फोडत होती. प्रतिक्षा तिच्यासमोर येऊन बसली. "आई, आता पुरे," ती म्हणाली. "विजूमामा काही बोलत न्हाई, पर मामी परवा रडून राहिली व्हती. धाकट्याच्या वह्या आणल्या न्हाईत म्हणून. मी व्हय म्हणते."

"तू काही म्हणू नको. मी बोलीन," शितल म्हणाली.

"काय बोलशील?"

शितलनं कुऱ्हाड उचलली. मग पोरीनंच ती तिच्या हातातून घेतली.

सेनगावहून चौघं आले. पोरगा आला नव्हता. त्याची आई आली होती. रूपाबाई नाव. रुंद मनगटांची, मोकळ्या आवाजाची बाई होती. तिच्या नखांच्या कडा हळदीनं कायमच्या पिवळ्या झालेल्या होत्या. ती सतरंजीवर बसली आणि तिनं घरावरून, पत्र्यावरून, निलमच्या लेकरांवरून नजर फिरवली. बोलणी पटकन झाली. अठरा भरू द्यायचे, दिवाळीनंतर उरकायचं. सासर मोठं होतं, सहा एकर, चार पाण्याखाली.

"बाकी काही न्हाई आमचं," रूपाबाई म्हणाली. "शिकलेली हाय, बरंच झालं, मोबाईलवर भाव बघता येतेत. येवढं सांगा, पोरगी कामाला कशी हाय?"

निलमनं तोंड उघडलं, पण शितल आधी बोलली.

"कामाचं काही येत न्हाई तिला."

निलमनं शितलकडं चमकून पाहिलं.

"शेतात कधी गेली न्हाई ती. ऊन लागलं की तिचं डोकं धरतं. भाकरी थापली तर फुटती. घागर भरली उचलवत न्हाई." शब्द आपोआप येत होते, एकामागून एक, अडखळत नव्हते. "आळशी हाय जरा. मी लाडात वाढवली. पुस्तक तेवढं येतं."

"अक्का!" विजयकुमार म्हणाला, आणि पाव्हण्यांकडं बघून हसला. "थट्टा करून राहिली ती. आईच्या जिवाला कठीण जातंय, दुसरं काय."

"थट्टा न्हाई," शितल म्हणाली. "उद्या म्हणाल, आधी सांगितलं न्हाई."

रूपाबाईनं एकदा शितलच्या तोंडाकडं आणि एकदा तिच्या मांडीवरच्या हातांकडं पाहिलं. ते हात बघून ती जरा हसली.

आतून प्रतिक्षा चहा घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं ट्रे खाली ठेवला, कप एकेकाच्या पुढं सरकवले आणि तिथंच गुडघे मोडून बसली. आईकडं तिनं पाहिलं नाही.

"येतं मला," ती म्हणाली. "समदं येतं."

"प्रतिक्षा," शितल म्हणाली.

"भाकरी येती. सुट्ट्यांत आईसंगं टोळीत जाते. मोडणी बी येती."

विजयकुमारनं सुटकेचा श्वास टाकला. निलमनं पदरानं डोळे टिपले आणि पोरीच्या पाठीवर हात ठेवला.

रूपाबाईनं हात पुढं केला. पोरीचा उजवा हात घेतला, उलटा केला, तळवा दाबून पाहिला. बोटांच्या मुळाशी, मनगटाजवळ, अंगठ्याखाली. मधल्या बोटावर पेन धरून धरून एक बारीक घट्टा पडला होता, तिथं तिचा अंगठा जरा थांबला.

"शाळंतला हात हाय," ती म्हणाली. "मऊ."

बाहेर छपरात शेळी ओरडली.

"होतंय घट्ट. दोन हंगाम लागतेत." तिनं प्रतिक्षाचा हात सोडला नाही. ती शितलकडं वळली. जुन्या ओळखीच्या बाईशी बोलावं तसं बोलली. त्या आवाजात वाईट काही नव्हतं. "आपले बी पहिल्यांदा आसेच व्हते की न्हाई, इहीणबाई?"